पंचवीस मिनिटांच्या आत

पंचेचाळिशी ओलांडलेला, मराठी शिकवणारा, चष्मा लावणारा गृहस्थ अर्ध्या चड्डीत रस्त्याने धावताना दिसला, की पुण्यातल्या सज्जन माणसांना आधी काळजी वाटते आणि मग कुतूहल. "काय सर, बस चुकली का?" हा पहिला प्रश्न. दुसरा जरा आपुलकीचा, "कुणी मागं लागलंय का?" आणि तिसरा, जो हल्ली सर्वांत अधिक ऐकू येतो, तो म्हणजे "मॅरेथॉन वाटतं?" या तिसऱ्याला "नाही, पाच किलोमीटर" असे उत्तर दिले, की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. बेचाळीस किलोमीटर धावणारा माणूस वेडा असला तरी आदरणीय वेडा असतो. पाच किलोमीटर म्हणजे काय, रिक्षाचे अंतर! तेवढ्यासाठी पहाटे साडेचारचा गजर लावायचा, पैसे भरून नाव नोंदवायचे आणि छातीवर क्रमांक टाचून घ्यायचा, हे कोणाला पटत नाही. आणि खरा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. तो असा, की पाच किलोमीटर, पण किती वेळात?

या एका प्रश्नापायी गेली तीन वर्षे मी स्वतःच्या झोपेशी, खाण्याशी आणि काही अंशी घरच्या शांततेशी खेळ मांडला आहे. तेव्हा त्याची हकीगत दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवायला हरकत नाही.

सुरुवात साखरेपासून झाली. 2021 साली, घरात बसून पडद्यावर तास घेण्याच्या त्या विचित्र दिवसांत, रक्त तपासून घेतले. आमचे डॉक्टर गमत्ये आहेत. अहवाल पाहून म्हणाले, "सर, साखर अजून गावात शिरलेली नाही, पण वेशीवर येऊन उभी आहे." मी हसलो, पण घरी आल्यावर हसू टिकले नाही. माझ्या वडिलांच्या साखरेने त्यांचे डोळे नेले. जन्मभर पुस्तकात नाक खुपसून बसलेला तो माणूस अखेरची काही वर्षे वर्तमानपत्रसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घेत असे, आणि वाचणारा एखादी ओळ गाळतो की काय म्हणून कान टवकारून बसे. ते चित्र ज्याने पाहिले आहे, त्याला वेताळ टेकडी चढायला दुसऱ्या कोणाचा उपदेश लागत नाही.

आधी चाललो. मग दोन खांब धावायचे आणि चार खांब चालायचे, असे सुरू केले. मग खांबांचा हिशेब उलटा झाला. पहिल्यांदा सबंध पाच किलोमीटर न थांबता धावलो तेव्हा 34 मिनिटे लागली होती आणि घरी येऊन मी तासभर कोणाशी बोललो नव्हतो. वर्षभराने साखर वेशीवरून परत फिरली. डॉक्टर खूष झाले, सौभाग्यवतीने श्रीसत्यनारायणाला शिरा केला (माझ्या वाट्याला एक चमचा आला), आणि शहाण्या माणसाच्या बाबतीत गोष्ट येथे संपली असती. आमच्या सौ.ने तसे स्पष्ट विचारलेही, "अहो, साखर उतरली ना? आता रोज अर्धा तास चाललात तरी पुरे, असं डॉक्टर म्हणताहेत. मग हे घड्याळ लावून पळणं कुणासाठी?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर मला अजूनही एका वाक्यात देता येत नाही, म्हणून तर हा लेख.

जाता जाता एक भाषेची गोष्ट. मराठीत 'पळणे' आणि 'धावणे' अशी दोन क्रियापदे आहेत आणि पायांचे काम दोन्हींत एकच असले, तरी त्यांची घराणी निराळी. चोर पळतो, भित्रा पळ काढतो, दूध उतू जाऊ लागले की पळापळ होते. उलट शेजारी मदतीला धावतो, आणि देव धावून येतो, पळून येत नाही. मी सकाळी धावायला जातो. आमच्या सौ. मात्र फोनवर माहेरी सांगताना "हे पळायला गेलेत" असेच म्हणतात, आणि रविवार सकाळच्या घरकामांची यादी पाहता त्यांच्या शब्दयोजनेत दोष काढणे मराठीच्या प्राध्यापकालाही कठीण आहे.

दुसरा शब्द 'उच्चांक'. तापमानाचा उच्चांक, सोन्याच्या भावाचा उच्चांक. आकडा वर गेला की उच्चांक. धावण्यात मात्र आकडा खाली यावा लागतो. न्यायाने त्याला 'नीचांक' म्हटले पाहिजे. पण "काल मी माझा आजवरचा नीचांक गाठला," असे स्टाफरूममध्ये सांगून पहा, म्हणजे कळेल! तरुण मंडळी या भानगडीत न पडता 'पीबी' म्हणतात, पर्सनल बेस्टचे लघुरूप. आमची कन्या अकरावीत आहे. तिच्या तोंडी 'बाबांची पीबी' हा शब्द प्रथम आला तेव्हा शेजारच्या आजींना तो रक्तदाबाचा प्रकार वाटला आणि त्या लसूण खायला सांगून गेल्या.

तर माझी पीबी. 34 मिनिटांवरून 31, मग 29, मग 27, अशी ती उतरत गेली. नवशिक्याचे हे दिवस मोठे सुखाचे असतात. दर शर्यतीत मिनिट मिनिट गळते आणि माणसाला आपल्यात काही दैवी अंश असल्याचा भास होतो. मग एके दिवशी उतार संपतो. 2024 च्या फेब्रुवारीत माझी वेळ 25 मिनिटे 48 सेकंद झाली आणि तेथे घोडे अडले ते अडलेच. आणि समोर दिसत होता तो 25 चा गोल आकडा.

पंचवीसच का, असे कोणी विचारील. याचे गणित फार सोपे आहे आणि तेच त्याचे आकर्षण. दर किलोमीटरला बरोबर पाच मिनिटे. चारशे मीटरच्या मैदानावर धावलात तर साडेबारा फेऱ्या, दर फेरीला बरोबर दोन मिनिटे. मनातल्या मनात हिशेब करायला कागद लागत नाही. जगात पंचवीस मिनिटांना तसे काही मोल नाही. आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे, त्याने 2022 च्या मे महिन्यात पाच हजार मीटर 13 मिनिटे 25.65 सेकंदांत धावून बहादुर प्रसाद यांचा 1992 पासून टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. तीस वर्षांत कोणाला न जमलेली ती गोष्ट त्याने केली. तो अंतिम रेषा ओलांडत असता मी माझ्या स्वप्नातल्या वेगाने निघालो असतो, तरी पावणेतीन किलोमीटरच्या अलीकडेच घाम पुसत असतो. आणि पुढच्याच वर्षी त्याने आपली वेळ आणखी सहा सेकंदांनी खाली आणली.

पण गोल आकड्याचे वेड थोरांनाही सुटलेले नाही. रॉजर बॅनिस्टर हा वैद्यकाचा विद्यार्थी 6 मे 1954 रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ले रोड मैदानावर एक मैल 3 मिनिटे 59.4 सेकंदांत धावला. मैल हे अंतर कोणी निसर्गाने आखून दिलेले नाही आणि चार मिनिटे हाही माणसानेच ठरवलेला आकडा. तरी त्या सहा दशांश सेकंदांसाठी ब्रॅशर आणि चॅटवे हे दोन मित्र आळीपाळीने त्याच्या पुढे धावून वारा अंगावर घेत होते. बॅनिस्टरने पहिली फेरी 57.5 सेकंदांत काढली, तिसरीअखेर घड्याळ 3 मिनिटे 0.5 सेकंदावर होते, म्हणजे वेळापत्रक किंचित चुकलेले होते, आणि मग शेवटची फेरी त्याने एकोणसाठ सेकंदांच्या आत काढली. पुढे दीड महिन्यातच ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने त्याहून कमी वेळ लावला. विक्रम असे अल्पायुषी असतात. स्वतःचा उच्चांक मोडायला निदान परक्या माणसाची भीती नसते. तेथे एकच प्रतिस्पर्धी असतो, आणि तो दरवर्षी एक वर्षाने म्हातारा होत असतो.

हा वयाचा भाग हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, यावर लांबच्या धावण्याचा वेग मुख्यतः अवलंबून असतो. तिशीनंतर ही ताकद बैठे जीवन जगणाऱ्यात दर दहा वर्षांना सुमारे एक दशांशाने घटते. व्यायाम करणाऱ्यात कमी घटते, पण घटतेच. मी बेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली, म्हणजे माझ्यात दोन ओघ एकदम वाहताहेत. सरावाने वेळ उतरते आहे आणि वयाने ती वर चढते आहे. कुठल्या तरी एका वर्षी दुसरा ओघ पहिल्याला गाठणार, आणि त्यानंतर 25 मिनिटे हा आकडा मला कायमचा बंद होणार. ते वर्ष कोणते हे डॉक्टर सांगू शकत नाहीत. सौ.च्या प्रश्नाच्या उत्तराचा हा एक तुकडा आहे, असे मला वाटते.

आमच्या धावणाऱ्या टोळक्यात एक काका आहेत. वय अडुसष्ट. सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांची उभी नोकरी रस्ते मोजण्यात गेली. पन्नाशीत ते 21 मिनिटांत पाच किलोमीटर धावत. आता 29 लागतात. मी एकदा भीत भीत विचारले, "काका, आता नवा उच्चांक व्हायचा नाही, मग कंटाळा नाही येत?" काका म्हणाले, "मास्तर, मी वाढदिवसाला वहीचं नवं पान उघडतो. सदुसष्टाव्या वर्षाचा उच्चांक सदुसष्टच्या पानावर. अडुसष्टचं पान कोरं असतं, तिथं पहिलीच शर्यत उच्चांक!" पस्तिशीपुढच्या खेळाडूंच्या स्पर्धांत पाच पाच वर्षांचे वयोगट पाडतात. काकांनी तोच न्याय एकेका वर्षाला लावला आहे.

पाच किलोमीटरची शर्यत लहान म्हणून सोपी, ही समजूत शर्यतीच्या तिसऱ्या किलोमीटरला नाहीशी होते. मॅरेथॉनमध्ये पहिला तासभर गप्पा मारता येतात. येथे तोंडातून शब्द काढण्याची सोय नसते. लागणारी ताकद नव्वद टक्क्यांहून अधिक श्वासातून येते, पण वेग असा असतो की श्वास पुरेसा पडत नाही, आणि ही उधारी पायांत साचत जाते. 'दम' या शब्दाची मराठीत किती रूपे आहेत! दम लागतो, दम धरावा लागतो, दम खावा लागतो, कोणी दम देतो, कोणात दम असतो आणि कोणाला दमा असतो. पाच किलोमीटरच्या शर्यतीत (शेवटचा सोडून) हे सारे अर्थ पंचवीस मिनिटांत भेटतात. पहिल्या किलोमीटरला दम धरायचा असतो. ज्यांना तो धरवत नाही ती पोरे झेंडा पडताच सुटतात आणि दोन किलोमीटरवर कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या कडेला उभी दिसतात.

सरावाचे शास्त्र आता बरेच स्थिर झाले आहे. आठवड्यातले बहुतेक धावणे सावकाश, गप्पा मारता येतील इतके सावकाश. एक दिवस टेकडी. आणि एक दिवस तुकड्यांचा. एक किलोमीटर शर्यतीच्या वेगाने, मग अडीच मिनिटे हळू, पुन्हा एक किलोमीटर, असे पाच वेळा. ही तुकड्यांची पद्धत ज्याने जगाला पटवली तो चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक. धावताना त्याचा चेहरा असा वेडावाकडा होई की पाहणाऱ्याला वाटावे, आता पडतो. त्याने 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके घेतली. माझ्या चेहऱ्याबद्दल चौथ्या तुकड्याला कन्या जे बोलते, ते ऐकून मला झाटोपेकची आठवण काढून समाधान मानावे लागते. ती मैदानाच्या कठड्यावर बसून घड्याळ धरते आणि रसायनशास्त्राचे पुस्तक उघडे ठेवते. दोन्हींकडे तिचे सारखेच लक्ष असते.

पुण्याला या वेडाची परंपरा मोठी आहे, हे येथे सांगितलेच पाहिजे. 1919 साली डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत लांब अंतर अनवाणी धावणारी मुले सर दोराबजी टाटांनी पाहिली. ती बहुतेक शेतकऱ्यांची पोरे होती. त्यांच्या वेळा पाहून दोराबजींना वाटले की ही युरोपातही टिकतील. त्यांच्या खटपटीतून 1920 साली हिंदुस्थानचा एक छोटा चमू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले आणि त्यांना सुमारे 2 तास 50 मिनिटे लागली. आज पायांत महागडे बूट घालून त्या वेळेच्या आसपास यायला आपल्या शहरातल्या चांगल्या चांगल्या हौशी धावपटूंचा जीव जातो. लकडी पुलावरून धावताना मला कधी कधी चौगुल्यांची आठवण होते आणि बुटांची किंमत आठवून संकोच वाटतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. 2024 च्या नोव्हेंबरात आमच्याच भागात पाच किलोमीटरची एक शर्यत झाली. आयोजकांचे नाव घेत नाही. हवा छान होती, गर्दी बेताची होती, पाय हलके होते. मी रेषा ओलांडली आणि वरच्या फलकाकडे पाहिले तर 24 मिनिटे 31 सेकंद! पंचवीसच्या आत, आणि तेही अर्ध्या मिनिटाने. पाच मिनिटांत फोनवर संदेश आला आणि त्यामागून रंगीत प्रमाणपत्र, माझ्या नावाचे, वेळ ठसठशीत छापलेली. सौ.ने ते आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. मामा, मावश्या, साडू, अमेरिकेतला भाचा, सर्वांनी फुले आणि टाळ्या पाठवल्या. संध्याकाळी पेढे आले. मला एक अख्खा पेढा मिळाला.

पण माझ्या मनगटावरचे घड्याळ 4.79 किलोमीटर म्हणत होते.

येथे थोडे मोजणीचे शास्त्र सांगतो, कारण वरवर पाहता ते रुक्ष असले तरी सारी गंमत त्यातच आहे. शर्यतीचा रस्ता नियमाप्रमाणे मोजतात तो सायकलने. आधी पोलादी टेपने निदान तीनशे मीटरचा सरळ पट्टा मोजून त्यावर सायकल फिरवतात आणि इतक्या अंतराला चाक किती फिरले हे ठरवून घेतात. मग त्या सायकलने सबंध मार्ग मोजतात, तोही वळणांवर कडेपासून तीस सेंटिमीटर ठेवून, म्हणजे धावणाऱ्याला जी कमीत कमी वाट सापडू शकेल तीच. आणि एवढे करून हजारी एक मीटर जास्तच आखतात. पाच किलोमीटरचा मार्ग 5,005 मीटरचा धरतात, म्हणजे मोजणीत काही राहिले तरी अंतर कमी पडू नये. मोजणाऱ्यांचा हा सोवळेपणा मला फार आवडतो. दुकानदाराने तराजूला झुकते माप द्यावे तसे हे आहे. धावणाऱ्याला ती कमीत कमी वाट गर्दीत साधत नाही, म्हणून नीट मोजलेल्या मार्गावरही मनगटावरचे घड्याळ साधारण 5.03, 5.06 असे काहीसे जास्तच दाखवते. ते 4.79 दाखवू लागले, की दाल में कुछ काला समजावे.

मी दोघा-तिघांना विचारले. एकाचे 4.81, दुसऱ्याचे 4.78. तिसरा म्हणाला, "सर, जाऊ द्या ना, उपग्रहाचं काही खरं नसतं!" काका मात्र काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी पहाटे ते सायकल घेऊन माझ्या दारात उभे राहिले. पुढच्या चाकाला मोजणीचे यंत्र, हातात खडू, खिशात वही. निवृत्त झालेल्या माणसाच्या डोळ्यांत जुने काम पुन्हा हाती आल्यावर जी चमक येते ती होती. आम्ही मार्ग फिरलो. मोजणी 4,800 मीटरपाशी थांबली. कारणही सापडले. ज्या दुभाजकाच्या तोंडातून वळून परत यायचे, तेथे जलवाहिनीसाठी रस्ता खणला होता. म्हणून आदल्या रात्री कोणी तरी वळणाचा शंकू शंभर मीटर अलीकडच्या तोंडाशी ठेवला. जाताना शंभर वाचले, येताना शंभर वाचले. काकांनी वहीत त्रैराशिक मांडले. 24 मिनिटे 31 सेकंदांत 4,800 मीटर, तर 5,000 ला किती? 25 मिनिटे 32 सेकंद.

म्हणजे पंचवीसच्या आत नाहीच.

घरी येऊन सांगितले तेव्हा सौ. प्रथम रागावली. माझ्यावर नाही, काकांवर. "त्यांना कुणी सांगितलं होतं मोजायला? प्रमाणपत्र छापलेलं आहे ना? तुम्ही काही शंकू हलवला नव्हता!" मामांचा फोन आला, "अरे, कोण टेप घेऊन बसलंय? चोवीस एकतीस म्हणून सांग ठोकून!" आणि हे अक्षरशः खरे होते. कोणीही टेप घेऊन बसले नव्हते. माझी वेळ 24:31 असो की 25:32, माझ्या पगारात, सेवाज्येष्ठतेत किंवा रक्तातल्या साखरेत काडीचा फरक पडत नव्हता. कुटुंबाच्या गटावर खुलासा केला असता तर कोणाला तो समजलाही नसता. कन्येने विचारले, "बाबा, म्हणजे हे प्रमाणपत्र खोटं आहे?" मी म्हटले, "प्रमाणपत्र खरं आहे गं. त्यावरचं अंतर खोटं आहे."

माझे आयुष्य गुणपत्रिकांत गेले आहे. पस्तीसला दोन गुण कमी पडले की कृपांक कसे द्यायचे याचे नियम मला पाठ आहेत आणि ते मी मोकळ्या हाताने वापरतो, कारण त्या दोन गुणांवर पोराचे वर्ष अवलंबून असते. येथे तसे काय अवलंबून होते? काहीच नव्हते. तरी दोनशे मीटरचे कृपांक मला घेववेनात. हा उच्चांक म्हणजे जगात अशी एकच नोंद होती की जी मागायला कोणी येणार नव्हते आणि तपासायला कोणी बसणार नव्हते. तिच्यात जर चार आणे खोट घातली, तर मग ठेवायचे कशाला? मी वहीत त्या तारखेपुढे लिहिले, "अंतर अपुरे," आणि वेळेचा रकाना कोरा ठेवला. सौ.ने ते पाहिले, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डब्यातला उरलेला पेढा तिने आपण होऊन कामवाल्या मावशींना दिला, एवढे लक्षात आहे.

2025 च्या जानेवारीत तिसऱ्या रविवारी दुसरी शर्यत होती. हिचा मार्ग रीतसर सायकलने मोजलेला होता, हे मी नाव नोंदवण्यापूर्वी दोनदा विचारून घेतले. फोनवरच्या मुलीला मी कोणी मापाचा निरीक्षक वाटलो असेन. पहाटे गारठा असा होता की तोंडातून वाफ निघत होती. साडेसहाला झेंडा पडला.

पहिला किलोमीटर 4 मिनिटे 58 सेकंद. ठीक. दुसरा 5:02, घड्याळात बरोबर दहा मिनिटे. येथवर सारे कागदावरच्यासारखे. तिसऱ्याला रस्ता पुलाकडे चढू लागला. डोळ्यांना हा चढ दिसत नाही, मोटारीत बसलेल्याला तो माहीतही नसतो, पण मांड्यांना तत्काळ कळतो. 5:06. चौथ्याला माझ्या शेजारून एक शाळकरी मुलगी, वेणी हेलकावत, श्वासाचा आवाजही न करता पुढे निघून गेली. 5:08. घड्याळ 20 मिनिटे 14 सेकंद. राहिलेल्या एका किलोमीटरला 4:46 च्या आत यायला हवे होते. तेवढा वेग माझ्यात नाही हे मला त्याच क्षणी कळले. आणि येथे, खरे सांगतो, मनात पहिला विचार आला तो थांबण्याचा. पंचवीस होणार नाही, मग जीव कशाला काढायचा? इतक्यात दुभाजकावर उभी असलेली कन्या ओरडली, "बाबा, 25:48!" बाकी काही नाही, नुसता आकडा. माझा खरा आकडा. तो अजून माझ्या मागेच होता आणि तो मोडता येण्यासारखा होता.

शेवटचा किलोमीटर मला नीट आठवत नाही. कोणी तरी ढोल वाजवत होते. डाव्या पोटरीत गोळा येऊ पाहत होता. रेषा ओलांडून मी एका अनोळखी गृहस्थाच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो आणि त्यांनीही फार सभ्यपणे तो ठेवू दिला. शेवटचा किलोमीटर 4:54. एकूण 25 मिनिटे 8 सेकंद.

छापील प्रमाणपत्राहून 37 सेकंद जास्त आणि खऱ्या उच्चांकाहून 40 सेकंद कमी. कुटुंबाच्या गटावर हा आकडा पडताच मामांनी विचारले, "मागच्यापेक्षा हळू का?" भाच्याने अंगठा पाठवला. या वेळी पेढे नव्हते. दुपारी जेवताना सौ.ने माझ्या पानात न विचारता दुसरी पुरणपोळी वाढली आणि तुपाची धार धरली. मी हात आडवा केला तर म्हणाली, "राहू द्या. हे मोजलेलं आहे."

काका त्या दिवशी 29 मिनिटे 20 सेकंदांत आले. वहीच्या अडुसष्टच्या पानावर ती पहिलीच नोंद होती.

आता उरले आठ सेकंद, आणि पंचवीसच्या आत यायचे तर नऊ. नऊ सेकंद म्हणजे पाच किलोमीटरांवर दर किलोमीटरला दोन सेकंदही नाहीत. बुटाची नाडी बांधायला याहून अधिक वेळ लागतो. उन्हाळ्यात काही जमले नाही, परीक्षांचे काम होते. पावसाळ्यात टेकडीवर चिखलात बरेच अंतर कापले. दसऱ्यानंतर तुकडे पुन्हा सुरू केले आहेत आणि पाचवा तुकडा हल्ली 4:55 ला येतो. मला सत्तेचाळिसावे लागले आहे. काकांच्या हिशेबाने माझेही पान कोरे आहे, पण मी अजून जुन्याच पानावर हटून बसलो आहे.

पुढची शर्यत डिसेंबरात आहे. त्याच रविवारी सौ.च्या मावसबहिणीच्या मुलाचे लग्न निघाले आणि घरात दोन दिवस अबोला झाला. मग काल पत्रिका आली. सौ.ने ती उघडली, चष्मा लावून खालची ओळ वाचली आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवली. मुहूर्त दुपारी 12 वाजून 27 मिनिटांचा आहे. कार्यालय घरापासून चार किलोमीटर. "अंघोळ करून या म्हणजे झालं," एवढेच ती म्हणाली.